वाकळीवरची पूररेषा

पहाटे ५:३०

मे महिन्यात शिरोळ तालुक्यात सुईचं काम करायचं, तर उजाडायच्या आत बसावं लागतं. दहा वाजले की पत्र्याखाली हाताला घाम सुटतो, सुई निसटायला लागते, कापडाला बोटांचे डाग पडतात. तरीही वाकळ शिवायचा हंगाम हाच. उसाचं गाळप संपलेलं असतं, पेरणीला अवकाश असतो आणि ऊन इतकं कडक की सकाळी धुतलेलं जुनेर दुपारपर्यंत खडखडीत वाळतं. आमच्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसाआधीच्या याच दिवसांत वाकळी उरकल्या आहेत.

सध्या जमिनीवर पसरलेली वाकळ अंथरायची नाही, भिंतीवर लावायची आहे. १२ फूट लांब, ७ फूट रुंद. तिच्यात आमचं खोरं आहे. डावीकडे सह्याद्रीचे उतार, तिथून निघणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती. प्रयाग चिखलीला त्या एकत्र येतात, पंचगंगा होतात. पुढे कोल्हापूर, इचलकरंजी, आणि उजव्या कडेला नरसोबाची वाडी, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. वाकळीचं कापड जवळपास सगळं २०१९ आणि २०२१च्या महापुरांत बुडालेलं आहे. साड्या, धोतरं, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, एका बँडवाल्याचा लाल कोट.

आधी तुकडे जोडून चित्र करायचं आणि मग त्याला अस्तर लावायचं, ही पद्धत मी सोडली. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात तशी मी शिवते. खाली एक अखंड लुगडं अंथरायचं, कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड बोटानं आत दुमडत धावदोरा घालत चारी बाजूंनी आत आत जायचं. चौकट लागत नाही, टेबल लागत नाही; कापडावरच बसायचं. या पद्धतीत मधला भाग सगळ्यात शेवटी भरतो. माझ्या वाकळीत आधी डोंगर झाले, मग माळ, मग उसाचे पट्टे, गावं. नदीची जागा अजून मोकळी आहे. तिथं कुठलं कापड जाणार, हे कडेची कामं झाल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. आजवर नदीचे निर्णय नदी सोडून सगळ्यांच्या सोयीनं झाले. ते नीट दिसायचं असेल तर आधी काठ पुरे व्हायला हवेत.

दोरा सुतीच. सुताच्या कोनाच्या (शंकूच्या) तळाशी उरलेलं सूत यंत्रमागवाले टाकून देतात, ते मेणावर ओढून घेतलं की हाताच्या शिवणीला पुरेसं मजबूत होतं.

सकाळी ८:००

चहा-भाकरी झाली की इचलकरंजीहून आलेली पोती उघडते. गावातला एक मुलगा तिकडे कारखान्यात कांड्या भरायच्या कामाला आहे. तो आठवड्याचं पोतं मोटारसायकलीला बांधून आणतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. त्यानंतर सगळं गावच मागाच्या खडखडाटात वाढलं. आता साध्या मागांबरोबर शटल नसलेले मागही आले. साध्या मागात बाणा काठाशी वळून परत येतो, त्यामुळे काठ आपोआप बांधला जातो. नव्या मागांवर प्रत्येक बाणा काठाबाहेर थोडा तुटतो, आणि कापडाच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची लांबच लांब झालर कापून पडते. माझ्या पोत्यात बहुतेक हीच झालर असते. ती पिळली की दोर होतो, विंचरली की गवत होतं. माळरानाचा सगळा भाग मी तिच्यातून केला आहे.

पोतं ओतलं की पहिलं काम म्हणजे आगीची परीक्षा. प्रत्येक जातीचा एक धागा चिमट्यात धरून काडी लावायची. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राखाडी राख ठेवतं. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर ज्योतीपासून मागं सरतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. टेरीकॉट दोन्ही करतं, थोडं जळतं, थोडं वितळतं. तेच सगळ्यात अडचणीचं, कारण त्यातलं सूत आणि पॉलिस्टर वेगळं करायला घरगुती उपाय नाही.

इथं माझं एक ठाम मत आहे. टाकाऊ कापडाची कलाकृती केली म्हणजे पर्यावरणाचं काम झालं, असं समजण्यात धोका आहे. सुती चिंधी मातीत गेली तर काही महिन्यांत कुजून जाते. पॉलिस्टरची चिंधी काचेच्या चौकटीत बसवली तरी पॉलिस्टरच राहते. तिचा उकिरड्याकडचा प्रवास तेवढा लांबतो. शिवाय ती धुतली की तिचे डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात जातात आणि पाण्यातच राहतात. म्हणून मी पॉलिस्टर धुवत नाही, उन्हात झटकते. आणि वाकळीत ते वापरताना टाका बदलते. सुती तुकड्यांना बारीक, जवळजवळ धावदोरा. पॉलिस्टरच्या तुकड्यांना बोटभर लांब, सैल टाका, पिवळ्या दोऱ्याचा. उद्या कुणाला ही वाकळ उसवायची झाली, तर पिवळा दोरा ओढला की ते कापड एका ओळीत बाहेर येईल.

मग ते घ्यायचंच कशाला, असं विचारतात. घ्यावं लागतं, कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या घरांत जे नेसलं-घातलं गेलं त्यात निम्म्याहून जास्त तेच आहे. पुरात जे बुडालं त्यात तेच होतं. ते वगळून केलेला खोऱ्याचा नकाशा सुंदर दिसेल, पण खोटा असेल.

याच इचलकरंजीतून माझं सूत येतं आणि याच इचलकरंजीच्या आसपास पंचगंगेचं पाणी रंग बदलतं. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं पाणी आणि शहरांचं सांडपाणी मिळून नदीची ही गत झाली आहे. २०१२ साली तिथं दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. झालर विंचरताना हे डोक्यातून जात नाही, आणि जाऊ नये.

सकाळी १०:००

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास. रात्री भिजत घातलेला हिरडा आता पिवळट तपकिरी पाणी देऊन बसलेला असतो. कोल्हापूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला, खलबत्त्यात जाडसर कुटलेला हिरडा. मोठ्या परातीत ते पाणी गाळून घेते आणि एक साडी आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून त्यात सोडते.

आजचं लुगडं एका घरातल्या लोखंडी ट्रंकेच्या तळातून आलेलं आहे. नऊवारी, सुती, मूळचा रंग बहुधा अंजिरी. पुरात ट्रंक कित्येक दिवस पाण्याखाली होती. गंजाचं पाणी तळातून घड्यांत मुरत गेलं. लुगडं उलगडलं की एकच डाग वीतवीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा दिसतो, तळाच्या घडीला गडद, वरच्या घडीकडे फिका होत गेलेला. घरच्या बाईनं तो काढायला लिंबू, मीठ, साबण सगळं करून पाहिलं होतं. डागाच्या कडा पिवळट पुसट झाल्या होत्या, एवढंच.

हिरड्याच्या पाण्यात हे लुगडं बुडवल्यावर जे घडतं ते दर वेळी मला थांबायला लावतं. हिरड्यात टॅनिन असतं. लोह आणि टॅनिन भेटले की काळा-निळा रंग तयार होतो, आणि तो धाग्यात पक्का बसतो. काही मिनिटांत पिवळा डाग राखाडी होतो, मग शाईसारखा. धुऊन धुऊन दिसेनासा झालेला डागही वर येतो, कारण डोळ्यांना दिसला नाही तरी लोह धाग्यातच असतं. पाणी कुठवर चढलं, कुठं थांबलं, कुठल्या घडीत किती वेळ राहिलं, हे सगळं कापड सांगायला लागतं. आमच्याकडच्या गाळाचंही तसंच. त्यातल्या लोहानं चिखलाचे पुसट पट्टे हिरड्यात करडे होतात.

ही काही माझी युक्ती नव्हे. कलमकारीतला काळा रंग लोखंडाचे तुकडे आणि गूळ आंबवून केला जातो आणि तो बसतो हिरड्यात भिजवलेल्या कापडावरच. मालीमध्ये ‘बोगोलान’ कापड झाडपाल्याच्या टॅनिनमध्ये भिजवून त्यावर मुरवलेल्या चिखलानं नक्षी काढतात. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर झाडाच्या अर्कात रंगवलेलं रेशीम लोहयुक्त चिखलात बुडवून काळं करतात. माझ्याकडे फक्त क्रम उलटा आहे. चिखल आधी आला, न मागता आला.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. आमच्या लोकांच्या आठवणीत २००५, २०१९ आणि २०२१ आहेत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शंभर वर्षांचा हिशेब दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा अनुभवलेल्या माणसाला निळ्या-लाल रेघा दाखवल्या, तर तो त्याकडे कसा बघेल? वाकळीवर मी सरकारी रेघा घातलेल्या नाहीत. तिथं कापडाकापडाची आपापली काळी रेघ आहे. ट्रंक कॉटखाली होती की माळ्यावर, त्यानुसार वरखाली. एका घराची दुसऱ्या घराशी जुळत नाही.

एक गोष्ट मात्र या रंगाबद्दल सांगितलीच पाहिजे. लोह-टॅनिनचा काळा रंग सुताला हळूहळू खातो. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत लोहाच्या शाईनं अक्षरांच्या जागी कागदाला भोकं पाडली आहेत. कापडाचंही तसंच होतं. म्हणजे ही वाकळ कधी तरी विरेल ती पुराच्या रेघेवरच आधी विरेल. मी त्या जागी खाली धोतराचे दोन थर देते आणि टाके दाट घालते. विरणं थांबणार नाही. पण वरचं कापड गेलं तरी टाके आणि खालचं धोतर उरेल आणि रेघ टाक्यांची होईल.

उरलेलं हिरड्याचं पाणी नारळाच्या आळ्यात. दुसऱ्या परातीत तुरटी आणि वाडीच्या देवळाबाहेर सुकलेल्या झेंडूचा पिवळा. तो आज फक्त उसाच्या फुलोऱ्यासाठी, थोडाच.

दुपारी १२:३०

भाकरी, आंब्याचं लोणचं, ताक. अर्धा तास आडवं होणं. साड्या दोरीवर सावलीत.

दुपारी २:०० ते ५:००

घरातली धुणीभांडी आवरून बायका यायला लागतात. कधी चार, कधी आठ. आपापली सुई आणतात. गोणपाट शिवायची दाभण घेऊन येणारीही एक मावशी आहे, तिला बारीक सुई दिसत नाही. जिला ज्या कडेला जागा मिळेल तिथं ती बसते.

यातल्या आक्का सगळ्यात वयस्कर. वाकळ शिवण्यातलं मला जे येतं त्यातलं बरंचसं त्यांचं. कापड उभं लावायचं की आडवं, हे त्या दोन्ही हातांनी ताणून सांगतात. ज्या दिशेला कापड जास्त विरलंय त्या दिशेला टाका जायला हवा, हा त्यांचा नियम. त्यांनीच सुरुवातीला मला खडसावलं होतं.

“बाई माणसानं डाग काढायचा, का काळा करून भिंतीला लावायचा?”

“धुतला तर दिसायचा न्हाई, आक्का.”

“दिसायलाच पायजे का गं?”

हा प्रश्न मी अजून सोबत बाळगते, कारण तो खरा आहे. ज्यांना दिसायला नको आहे, त्यांचं कापड मी घेत नाही. आणलेलं परत मागितलं तर उसवून देते. आक्कांनी स्वतः पुढं कधीतरी एक चोळी आणून ठेवली, कुणाची ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती आता वाडीच्या वरच्या अंगाला आहे आणि आक्का रोज त्याच कोपऱ्यात बसतात.

आज एक सूनबाई सासऱ्यांचा सदरा घेऊन आली. पांढरा, सुती, गाळानं मातकट झालेला. पाणी चढायला लागलं तेव्हा सासरे म्हशी सोडून निघायला तयार नव्हते. माडीवर दोन रात्री काढल्या, मग नाव आली. म्हशींची दावी त्यांनी स्वतः कापली होती, त्यातली एक म्हैस परत आली. सदऱ्याच्या कॉलरला हात लावत ती सगळं सांगत होती, सलग नव्हे, चार टाके झाले की एक वाक्य. “नंतर पाऊस लागला की रात्रीचे उठायचे. उंबऱ्यापाशी बॅटरी मारून बघायचे पाणी लागलंय का. आता ते नाहीत, तर मी उठते.”

“मी पण उठते,” पलीकडून एक जण म्हणाली. वर न बघता. मग तिसरी म्हणाली की तिचा मुलगा जून लागला की मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत बसतो, अभ्यास सोडून. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दोरे ओढल्याचा आवाज तेवढा होता. नंतर विषय लग्नावर गेला, बासुंदीच्या भावावर गेला.

असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. समोरासमोर बसवून ‘सांगा, काय झालं’ असं विचारलं की आमच्या बायका ‘काय नाही, चाललंय’ म्हणतात. इथं सगळ्या एका कापडाभोवती, मान खाली घालून असतात. कुणाचे डोळे कुणावर नाहीत. हाताला काम आहे, त्यामुळे गप्प बसलं तरी ते गप्प बसणं अवघड वाटत नाही. बोललं तर ते अर्ध्यावर सोडता येतं. धावदोऱ्याला एक चाल आहे, सुई खाली-वर, खाली-वर, आणि श्वास आपोआप त्या चालीला लागतो. मी याला उपचार म्हणत नाही. जिला महिनोन्‌महिने झोप नाही, जिला जगावंसं वाटत नाही, तिच्यासोबत मी सरकारी दवाखान्यात गेले आहे आणि पुन्हा जाईन. तिथं सुई पुरत नाही. पण दवाखान्यापर्यंत जायचं बळ कुठून तरी यावं लागतं, आणि “मी पण उठते” एवढं ऐकल्यावर ते येताना मी पाहिलं आहे.

चिलीमध्ये १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं नाहीशी केली गेली, त्या बायकांनी जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ‘आर्पियेरा’ शिवल्या. गोणपाटावर शिवलेली छोटी चित्रं, काहींत हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा. त्या एकत्र बसून शिवत, चर्चच्या आसऱ्यानं. त्यांचं दुःख आणि आमचं दुःख एक नव्हे. त्यांच्यावर माणसांनी हात टाकला होता. पण आमच्या पुरातही सगळं आभाळानंच केलं असं मी म्हणू शकत नाही. पूरपट्ट्यात भराव घातले गेले, बांधकामं झाली, ओढे बुजले. म्हणून या वाकळीत भरावाच्या जागी मी जाड, ताठ जीन्सचं कापड घातलं आहे. त्याच्या शेजारचं मऊ कापड ओढलं जातं, चुण्या पडतात. आक्कांना त्या चुण्या आवडत नाहीत. मला त्या तशाच हव्या आहेत.

चार वाजता मदतीच्या कपड्यांचं गाठोडं उघडलं. पुरानंतर शहरांतून गाड्या भरभरून जुने कपडे आले. त्यातले किती तरी कुणी घालावेत असे नव्हते. लग्नातले घागरे, एका पायाचे मोजे, बटणं तुटलेले कोट. देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असेल, पण सगळं गमावलेल्या बाईच्या हातात दुसऱ्याच्या अंगावरचं फाटकं कापड ठेवणं काय असतं, हे त्या ढिगापुढं उभं राहिल्यावर कळतं. एका मावशीनं त्यातली एक जरीची ओढणी इतकी वर्षं सांभाळली होती, न वापरता. आज तिनं ती कात्रीखाली दिली. “शहरच्या बाजूला लाव,” म्हणाली.

संध्याकाळी ५:३०

घाटावर. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं, काठाशी जलपर्णीचा हिरवा गालिचा. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खाणं. ते मिळतं तोवर कितीही उपसली तरी ती परत येते. इथं मी फांदीला आकडा बांधून कापडं काढते. तीर्थाच्या ठिकाणी अंगावरचा कपडा नदीत सोडायची रीत अजून आहे. पूर ओसरल्यावर बाभळींना लटकलेल्या चिंध्याही वर्षानुवर्षं तिथंच असतात; सुती त्यातल्या केव्हाच गेल्या, उरतात त्या नायलॉन-पॉलिस्टरच्या. आज एक निळी साडी मिळाली, अखंड, रंगही न उडालेली. पॉलिस्टर. काडी लावायचीही गरज नव्हती.

नदीची जागा मोकळी ठेवली होती, तिथं हीच साडी जाईल, असं मी परतताना ठरवलं. सुती निळं कापड रंगवून घालायचा विचार बरेच दिवस मनात होता, पण आज नदीत जे आहे तेच नदीच्या जागी असावं. टाका पिवळा, सैल. कधी काळी नदी स्वच्छ झाली तर दोरा ओढून साडी काढता येईल.

रात्री ८:३०

वाकळीच्या मागच्या बाजूला एक सुती पट्टी शिवलेली आहे, तिच्यावर रोजची नोंद दोऱ्यानं घालते. अक्षरं मोठी, वाक्यं तुटक. पाहणाऱ्यासाठी ती नाही. पुढं कधी ही वाकळ ज्याच्या हातात पडेल आणि ज्याला ती दुरुस्त करायची, उसवायची किंवा टाकायची असेल, त्याच्यासाठी आहे. आक्कांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाकळ कुणी टाकतं व्हय? विरली की दुसऱ्या वाकळीच्या आत घालायची.” तेही पट्टीवर घातलं आहे.

आजची नोंद: लुगडं, नऊवारी, सुती, हिरड्यात काळं केलेलं, गावांच्या पट्ट्यात, डागावर कापड आधी विरेल, खाली धोतर दोन थर. सदरा, सुती, न रंगवलेला, कॉलर तशीच ठेवली. ओढणी, जरी खोटी, कापड मिश्र, पिवळा टाका. निळी साडी, पॉलिस्टर, नदीतून काढलेली, उद्या लावायची, पिवळा टाका. पिवळा दोरा काढल्याशिवाय वाकळ मातीत घालू नये, जाळू नये.